‘डायरेक्ट फिट’ रेडिएटर आणि जुन्या गाडीचं पाणी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरच्या वाहन पुरवणीत जुन्या गाड्यांवर अधूनमधून लेख येतात, मी ते मनापासून वाचतो आणि कात्रणं काढून ठेवतो. रंग कसा केला, क्रोम कुठून करून आणलं, सीटची शिलाई मूळची कशी होती, हे सगळं त्यात असतं. पण गाडीचं पाणी का उकळतं आणि त्यावर काय करायचं याबद्दल एकच ओळ असते, ती म्हणजे जुना रेडिएटर काढून नवा अॅल्युमिनियमचा बसवला आणि प्रॉब्लेम मिटला. ही ओळ वाचून मी स्वतः फसलो, म्हणून हे पत्र. थोडं लांब होणार आहे, पण कृपया पूर्ण छापा कारण अर्धवट माहितीनेच माझं नुकसान झालं.

माझ्याकडे साठच्या दशकातली चार सिलिंडरची सेदान आहे, ब्लॉक (सिलिंडर असतात तो इंजिनचा मुख्य भाग) आणि हेड (त्यावरचं झाकण) दोन्ही ओतीव लोखंडाचे, रेडिएटर मूळचा तांब्या-पितळेचा. उन्हाळ्यात सिग्नलला पाच मिनिटं उभी राहिली की काटा लालकडे जायचा. ज्याला विचारावं तो म्हणायचा रेडिएटर बदल. शेवटी मी बाहेरच्या कंपनीचा अॅल्युमिनियम रेडिएटर मागवला, खोक्यावर ठळक अक्षरात ‘डायरेक्ट फिट’ लिहिलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर चारही बोल्ट अगदी बरोबर बसले, म्हणून मला वाटलं काम झालं.

काम झालं नव्हतं. बोल्टची भोकं जुळणं म्हणजे रेडिएटर फिट होणं हा समज आधी डोक्यातून काढला पाहिजे. माझ्या जुन्या कोअरची, म्हणजे रेडिएटरच्या मधल्या नळ्यांच्या जाळीची, जाडी होती ३८ मिमी, नव्याची ५६. वाढलेले १८ मिमी गेले कुठे, तर इंजिनच्या बाजूला. आधी पंख्याचं पातं आणि कोअर यांच्यात २८ मिमी अंतर होतं, ते राहिलं जेमतेम १०. उभ्या गाडीत पंखा हाताने फिरवून बघितला, कुठे घासत नव्हता, मी बॉनेट खाली केलं. तिसऱ्या दिवशी पुढच्या गाडीने अचानक ब्रेक मारला म्हणून मीही जोरात मारला, आणि समोरून असा आवाज आला की पत्र्यावर कुणीतरी करवत चालवतंय, पाठोपाठ काचेवर वाफ. बॉनेट उघडून बघितलं तर नव्याकोऱ्या कोअरवर पंख्याच्या पात्याने अर्धगोल खाच पाडली होती, कंपासने आखावी तशी, आणि त्या खाचेतल्या तीन नळ्यांतून पाणी बाहेर येत होतं. झालं होतं असं की इंजिन रबरी माउंटवर बसलेलं असतं, माउंट जुनी झाली की रबर मऊ पडतं, जोरात ब्रेक लावला की गाडी थांबते पण इंजिन थोडं पुढे जातं आणि त्याच्यासोबत पंखाही जातो. इंजिनवर बसलेल्या पंख्याला कोअरपासून निदान एक इंच तरी मोकळा हवा, आणि तो सुद्धा माउंट चांगली असतील तर. हे मला खोक्यावर कुणी लिहून दिलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यतः लिहितोय ती. पंख्याने कापण्याच्या आधी दोन दिवस गाडी त्या नव्या रेडिएटरवर चालली होती, आणि त्या दोन दिवसांत सुद्धा ती गरम होत होती! थोडी उशिरा, पण होतच होती. म्हणजे इतका खटाटोप ज्याच्यासाठी केला ते कारण रेडिएटर नव्हतंच.

ते कारण एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी दहा मिनिटांत शोधलं. ते आले, काही न बोलता खाली वाकले आणि ब्लॉकच्या बाजूला पाणी सोडायचा जो छोटा कॉक असतो तो उघडला. गाडीत पाणी भरलेलं होतं तरी एक थेंब आला नाही. त्यांनी कॉकच काढला आणि त्या भोकात तार घातली, तार दोन बोटं आत जाऊन अडकली, मग ढोसून ढोसून शेवटी आतून आला तो गाळ, चॉकलेटी, दाट, हातात घेतला तर बारीक वाळूसारखा खरखरीत. ते मला म्हणाले, “अहो, चार नंबरच्या सिलिंडरला पाणीच नाही लागत, तिथे चिखल बसलाय, तुम्ही पुढे कितीही मोठा रेडिएटर लावा.” मग ब्लॉकच्या बाजूचे वेल्श प्लग, म्हणजे भोकं बंद करणाऱ्या पत्र्याच्या चकत्या, काढले, आणि खरंच मागच्या सिलिंडरभोवती साधारण एक तृतीयांश उंचीपर्यंत गाळ होता. लोखंडाचा गंज, ओतकामातली उरलेली वाळू आणि साध्या नळाच्या पाण्यातला क्षार, इतक्या वर्षांत सगळं तिथेच साचलेलं, कारण पाण्याचा पंप पुढे असतो आणि ब्लॉकच्या मागच्या टोकाला वेग सगळ्यात कमी असतो. तार, पाण्याचा प्रेशर, परत तार, असं दीड दिवस चाललं.

त्यांनी मग टायमिंग बघितलं. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम अॅडव्हान्सचा पडदा फाटलेला होता, म्हणजे गरजेप्रमाणे ठिणगी लवकर पाडणारा भागच निकामी. ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल उशिरा जळतं, जळत असतानाच एक्झॉस्ट व्हॉल्व उघडतो, आणि जी उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्च व्हायची ती हेडच्या आणि व्हॉल्वच्या आजूबाजूच्या पाण्यात जाते. मुळात पेट्रोलच्या उष्णतेतली साधारण एक तृतीयांशच चाकांच्या कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर आणि उरलेली पाण्यात, हा हिशोब थोडा जरी बिघडला तरी रेडिएटरवरचा बोजा लगेच वाढतो.

गाळ काढला, पडदा बदलला, आणि नवा रेडिएटर तर फुटलेला, म्हणून जुना पितळी होता तोच रेडिएटरवाल्याकडून वरची टाकी उघडून, सळई मारून साफ करून, परत डाख लावून बसवला. गाडी सिग्नलला वीस मिनिटं उभी केली, भर उन्हात. काटा मध्यावरून हलला नाही. मी त्या दिवशी गाडीत बसून राहिलो होतो नुसता, काट्याकडे बघत.

मी अॅल्युमिनियमच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो, कारण या विषयावर दोन तट पडतात आणि दोन्हीकडचे लोक हट्टाने बोलतात. तांबं उष्णता जास्त वाहून नेतं हे खरं, अॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६० टक्के. पण जुन्या रेडिएटरमध्ये फिन, म्हणजे नळ्यांमधल्या पातळ पट्ट्या, तांब्याच्या असल्या तरी पाण्याच्या नळ्या पितळेच्या असतात आणि पितळ अॅल्युमिनियमपेक्षा कमी वाहून नेतं, शिवाय नळी आणि फिन यांच्यामध्ये शिसं-कथलाचा डाख असतो, तो तर आणखी मंद. दुसरं म्हणजे पितळेची नळी फार रुंद केली की प्रेशरने फुगते म्हणून ती अर्ध्या इंचाच्या आसपास ठेवतात, अॅल्युमिनियमची त्या मानाने जाड भिंतीची नळी एक इंच रुंद चालते आणि तरी वजन कमीच राहतं. म्हणून चांगला बनवलेला अॅल्युमिनियम रेडिएटर नक्कीच जास्त थंड करतो. पण पितळेचा कुठेही दुरुस्त होतो, गॅसचा दिवा आणि डाख येणारा माणूस असला की बस. माझा फुटलेला अॅल्युमिनियम तीन जणांना दाखवला, तिघांनी नाही म्हटलं, इतक्या पातळ नळ्या वेल्ड करायला गेलं की शेजारची पण जाते.

नंतर एका मित्राच्या गाडीत मात्र आम्ही मुद्दाम अॅल्युमिनियमच बसवला, कारण त्याचा मूळ रेडिएटर खरोखरच संपलेला होता, फिनना बोट लावलं की भुकटी व्हायची. त्या वेळी मी सगळं नीट, सावकाश केलं आणि त्यातलं जे कुणी सांगत नाही ते इथे लिहितो.

पहिलं म्हणजे टोपण. जुन्या काही गाड्यांच्या रेडिएटरचं तोंड खोल असतं, साधारण एक इंच, आणि नंतरच्या गाड्यांचं पाऊण इंच. खोल तोंडावर आखूड टोपण लावलं तर वरून घट्ट बसल्यासारखं वाटतं पण आतलं रबर गादीला टेकतच नाही, प्रेशर शून्य, आणि गाडी पाणी बाहेर फेकत राहते. मित्राची पहिली तक्रार टोपणाचीच होती. नवा रेडिएटर आखूड तोंडाचा होता आणि त्याने हौसेने जुनं मूळचं टोपण लावलेलं, इथे उलटा प्रकार, लांब टोपण कसंबसं दाबून बसवल्यामुळे आतली स्प्रिंग पार आवळली गेली आणि ते किती प्रेशरला उघडेल याचा काही भरवसाच राहिला नाही. आणि प्रेशर किती घ्यायचं हा वेगळाच विषय. नव्या रेडिएटरसोबत बऱ्याचदा १५ पीएसआयचं (पीएसआय हे प्रेशरचं माप) टोपण येतं. समुद्रसपाटीला साधं पाणी १०० अंशाला उकळतं, ४ पीएसआयला साधारण १०७ ला, ७ ला १११ च्या आसपास आणि १५ ला १२० च्या वर. ऐकायला छान आहे, पण ज्या गाडीचा हीटर, होज (रबरी नळी) आणि वॉटर पंपाचं सील ४ किंवा ७ साठी बनवलेलं आहे तिला १५ दिलं तर पुढचा अशक्त भाग फुटणार, आणि तो बहुतेक गाडीच्या आत, पायाशी, हीटरच फुटतो. आम्ही ७ चंच ठेवलं.

दुसरं खालचा होज. तिथे पंप पाणी ओढत असतो, ढकलत नसतो, म्हणून जास्त रेसला तो होज आत चेपतो आणि पाणी बंद होतं, गाडी थांबवून बघितलं की परत गोल झालेला असतो आणि माणूस चक्रावतो. जुन्या होजमध्ये यासाठी आत स्प्रिंग असायची. आम्ही जुन्या होजमधली स्प्रिंग काढून, घासून नव्यात घातली. नव्या रेडिएटरचा खालचा पाइप जुन्यापेक्षा जाड होता तर होज ताणून बसवायचा मोह होतो, तो टाळा, दोन मापांचा जोडहोज मिळतो.

तिसरं, बसवायची पद्धत. पितळेचा रेडिएटर थोडा पिळ सहन करतो, अॅल्युमिनियमच्या वेल्डला ते जमत नाही. जुन्या गाडीची चासी खड्ड्यात चांगलीच पिळते, तिला जर रेडिएटर कडक आवळलेला असला तर काही महिन्यांत बोल्ट लावायच्या कानाच्या मुळाशी बारीक चीर जाते. चारही बोल्टला दोन्ही बाजूंनी रबरी वॉशर घाला, हलकं हलू द्या.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते मला, ती म्हणजे वीज. अॅल्युमिनियमला भटका करंट अजिबात चालत नाही. इंजिनची अर्थची पट्टी गंजलेली असली की स्टार्टरचा आणि दिव्यांचा करंट परत जायला दुसरी वाट शोधतो आणि ती वाट पाण्यातून जाते, मग रेडिएटरला आतून टाचणीएवढी भोकं पडतात. तपासायला मल्टिमीटर पुरतो. टोपण काढून एक टोक पाण्यात बुडवायचं, धातूला न लावता, दुसरं बॅटरीच्या अर्थच्या टोकाला, मग गाडी चालू करून दिवे, हीटर, वायपर सगळं लावायचं आणि स्टार्टर मारताना पण बघायचं. ०.१ व्होल्टच्या खाली असलं तर निर्धास्त. मित्राच्या गाडीत सुरुवातीला त्याच्या चौपट यायचं, इंजिन ते चासी नवी जाड पट्टी टाकली आणि बॉडीवरचा रंग खरवडून ती बसवली तेव्हा खाली आलं. ही पट्टी न बदलता जर रेडिएटर बसवला असता तर वर्षभरात परत पाणी गळालं असतं आणि आम्ही रेडिएटर बनवणाऱ्याला दोष दिला असता.

पाणी म्हणजे साधं पाणी नाही, डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट, अर्धं अर्धं. अॅल्युमिनियमसाठी योग्य आणि लोखंड, पितळ, डाख या सगळ्यांना चालेल असाच कुलंट बघून घ्या, कारण जुन्या इंजिनात हे सगळे धातू एकाच पाण्यात असतात, आणि हल्लीचे काही दीर्घायुषी कुलंट शिशाच्या डाखाला मानवत नाहीत. कुलंटने थंडावा वाढतो असं समजू नका बरं का, उष्णता साध्या पाण्यातच जास्त मावते, कुलंट गंज थांबवायला आणि उकळबिंदू वाढवायला.

नवा रेडिएटर लावायच्या आधी ब्लॉक कितीही धुतला तरी पहिल्या काही दिवसांत गंज सुटतोच आणि थेट नव्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. आम्ही वरच्या होजच्या तोंडात जुन्या नायलॉनच्या पायमोज्याचा तुकडा गाळणीसारखा अडकवला, होज त्यावरून चढवला. शंभरेक किलोमीटरनंतर काढला तर चहाचा चमचाभर लाल भुकटी निघाली. परत नवा तुकडा, परत काढला, तिसऱ्या वेळी साफ आला.

इलेक्ट्रिक पंख्याबद्दल थोडक्यात. लोक कोअरमधून प्लॅस्टिकच्या पट्ट्या आरपार ओवून पंखा बांधतात, ते करू नका, पट्टी हलून हलून नळी झिजवते. आणि आपल्या गाडीला अल्टरनेटर आहे का डायनॅमो ते आधी बघा, त्या काळातले बरेच डायनॅमो जास्तीत जास्त २०-२२ अँपिअर देतात, ते पण रेसला, सिग्नलला जवळपास काहीच नाही, आणि पंखा तर नेमका सिग्नललाच हवा असतो आणि एकटाच १०-१५ अँपिअर खातो. गाडी पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला जोडलेली, असेल तर वायर साध्या पद्धतीने जोडली की पंखा उलटा फिरतो आणि पुढून येणारी हवा उलट पुढेच ढकलतो, कागदाचा तुकडा समोर धरून बघा, चिकटला पाहिजे. त्यापेक्षा मूळच्या पंख्याला नीट काउल, म्हणजे भोवतीचं कडं, करून घेणं मला जास्त पटतं, पातं निम्मं काउलच्या आत आणि निम्मं बाहेर राहील असं. काउल नसेल तर पंखा एकच हवा गोल गोल फिरवत बसतो आणि कोअरचे कोपरे कोरडेच राहतात.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, काढून टाकायचा सल्ला फार जण देतात, “पाणी मोकळं वाहू दे”. माझं नम्र म्हणणं आहे की काढू नका. इंजिन थंड चालतं, तेलात ओल राहते, सिलिंडर झिजतात, आणि ज्या इंजिनात थर्मोस्टॅट उघडल्यावर बाजूची वाट बंद करतो तिथे तो काढला की अर्धं पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जातं, म्हणजे गाडी उलट जास्त तापते. ८२ अंशाचा चांगला थर्मोस्टॅट घ्या, पातेल्यात पाणी उकळत ठेवून थर्मामीटरसमोर तो उघडतो का ते बघूनच बसवा.

आणि काट्यावर आंधळा विश्वास नको. त्या काळातल्या पुष्कळ गाड्यांत पेट्रोलचा काटा आणि टेंपरेचरचा काटा एकाच छोट्या व्होल्टेज स्टॅबिलायझरवर चालतात, तो बिघडला की दोन्ही काटे वर दाखवतात. टाकी निम्मी असताना पेट्रोल फुल दाखवत असेल तर गाडी तापलीच नसेल कदाचित. मेस्त्री लोक आता पिस्तुलासारखा थर्मामीटर वापरतात, तो चकचकीत अॅल्युमिनियमवर खूप कमी आकडा दाखवतो, तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा. वरच्या आणि खालच्या टाकीत फरकच नसेल तर हवा कमी पडतेय, फरक भरपूर आहे आणि तरी गरम होतेय तर पाणी कमी फिरतंय, म्हणजे पंप, होज किंवा ब्लॉक बघा. इतकी साधी तपासणी मी आधी केली असती तर मला दुसरा रेडिएटर लागलाच नसता.

१९०१ च्या मर्सिडीजसाठी विल्हेल्म मायबाख यांनी ८,०७० छोट्या चौकोनी नळ्यांचा मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला, प्रत्येक नळी ६ मिमीची, आणि फोर्डची मॉडेल टी तर लाखोंनी पाण्याच्या पंपाशिवाय चालली, गरम पाणी वर आणि थंड खाली या एका नियमावर. सांगायचं कारण एवढंच की जुन्या इंजिनियरांनी प्रत्येक गाडीचा रेडिएटर त्या गाडीच्या पंपाला, पंख्याला, ब्लॉकला धरून बनवला होता, त्यातला एक भाग बदलला की बाकीचे सगळे तपासावे लागतात.

म्हणून दोन विनंत्या. रेडिएटर बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या सगळ्यांना, ‘डायरेक्ट फिट’च्या खाली मापं छापा, कोअरची जाडी, कोअर मागे किती येतो, दोन्ही पाइपांचा बाहेरचा व्यास, टोपणाच्या तोंडाची खोली, किती प्रेशर. पाच आकडे आहेत, स्टिकरवर मावतात. आणि संपादक महोदय, आपल्याला विनंती की पुरवणीत पुढच्या वेळी कुणी रेडिएटर बदलल्याचं लिहिलं तर त्याला विचारा की आधी ब्लॉकचा कॉक उघडून बघितला होता का.

ज्यांनी रेडिएटर बदललाय त्यांनी जुना भंगारात घालू नये, त्याच्या टाक्यांवर मूळचे शिक्के असतात, त्या ठेवून मध्ये नवा कोअर बसवता येतो. आणि त्यांनी आपली मापं पेपरकडे लिहून पाठवावीत, संपादक महोदय, आपण ती एकत्र छापलीत तर फार मोठी मदत होईल. माझी इथे देतो: कोअर जुना ३८ मिमी, नवा ५६. पंख्याचं अंतर जुन्याला २८, नव्याला १०. टोपण ७ पीएसआय. थर्मोस्टॅट ८२. ब्लॉकमधून निघालेला गाळ, सुकवून, एक मोठी वाटी भरून.

आपला,
एक जुना वाचक